बेस गिटारसाठी कर्ज द्यावं का?

आजच्या भागात आपण एका वाद्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात वाद्य कुठून आलं? तर ते आलं एका कर्जाच्या अर्जातून.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या एका गटाची महिन्याची बैठक सुरू होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, आणि कर्जाच्या मागण्या वाचायला घेतल्या. एका ताईंनी मुलीसाठी ४५ हजार रुपये मागितले होते. कारण लिहिलं होतं, 'बेस घेणे'. एका मावशींनी विचारलं, "बेसन दळायची गिरणी का गं?" ताई म्हणाल्या, "नाही हो मावशी, बेस गिटार. पोरगी बँडमध्ये वाजवते ना." सगळ्या हसल्या. मग हसू थांबलं आणि कुजबूज सुरू झाली.

म्हशीला कर्ज, शिलाई मशीनला कर्ज, बियाण्याला कर्ज, हे आपल्याला माहीत आहे. वाद्याला कर्ज गटाने कधी दिलं नव्हतं. कोणी म्हणाली, हा नुसता शौक आहे. कोणी म्हणाली, मुलीच्या जातीला बँड कशाला. गटाच्या अध्यक्षांनी मात्र कामाचा प्रश्न विचारला. "गिटार एक, मग यादीत इतक्या वस्तू कशाला? हे पेडल म्हणजे काय?"

खरं सांगायचं तर उत्तर आमच्याकडेही नव्हतं. ज्या वस्तूची माहिती नाही तिला कर्ज देऊ नये, आणि माहिती नाही म्हणून नाकारूही नये, असं आम्ही प्रशिक्षणात नेहमी सांगतो. म्हणून एक महिन्याची मुदत मागून घेतली. दोन संध्याकाळी त्या मुलीजवळ बसलो. तालुक्याच्या गावी एक जुने ऑर्केस्ट्रावाले काका आहेत, त्यांनाही भेटलो. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

बेस म्हणजे गाण्याचा पाया

आपल्या भजनी मंडळातला पखवाज आठवा. त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. कणीक लावली की आवाज जड होतो, घुमतो. ती कणीक वाळून पडली तर भजन चालूच राहतं, पण त्यातलं वजन जातं. तंबोऱ्याची खर्जाची तारही तशीच. ती मुद्दाम कोणी ऐकत नाही, पण गाणारी तिच्या आधारावर गात असते.

बँडमध्ये हे काम बेस गिटार करते. ड्रम ताल धरतो. गिटार आणि कीबोर्ड सूर भरतात. या दोघांना बांधून ठेवते ती बेस. ती ड्रमच्या ठोक्याबरोबर वाजते, पण तिच्या ठोक्याला सूर असतो. म्हणून बेसवाली आणि ड्रमवाली यांचं आधी जमावं लागतं. त्या दोघींचं जमलं की बाकीच्यांना पाय ठेवायला जागा मिळते.

दिसायला ती गिटारसारखीच, पण दांडी लांब आणि तारा जाड. साधारणपणे तारा चार. सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. साध्या गिटारची सगळ्यांत जाड तार सुमारे ८२ वेळा. म्हणजे बेसचा सूर बरोबर एक सप्तक खाली. आपल्या कानाला इतका खालचा आवाज मुळातच कमी ऐकू येतो. म्हणून बेस कानापेक्षा छातीत आणि पायाखालच्या जमिनीत जास्त जाणवते.

पूर्वी या कामाला माणसाच्या उंचीचं, उभं धरून वाजवायचं वाद्य होतं, डबल बेस. ते न्यायला अवघड, आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज दबून जाई. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवून वाजवायची विजेवरची बेस बाजारात आणली. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः गिटार वाजवत नसत, पण वाजवणाऱ्यांची अडचण ऐकून घेत. त्यांनी दांडीवर धातूच्या पट्ट्या बसवल्या, त्यामुळे बोट ठेवलं की सूर नेमका लागतो. म्हणून वाद्याचं नावच 'प्रिसिजन', म्हणजे नेमकेपणा, असं ठेवलं.

आपण हे वाद्य ऐकलेलं आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळची गाणी पुन्हा ऐका आणि गाणाऱ्याच्या मागे, खाली काय चाललंय तिकडे कान द्या.

यादीतली एकेक वस्तू

आता अर्जातली यादी. बेस गिटार १५ हजार. सरावाचा अँप्लिफायर ८ हजार. वायर, पट्टा, जादा तारा आणि सूर जुळवायचं छोटं यंत्र मिळून २ हजार. आणि पेडल २० हजार.

बेसच्या लाकडातून फारसा आवाज येत नाही. तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. जुन्या सायकलचा डायनामो आठवा, तत्त्व तेच. ती बारीकशी वीज वायरीतून अँप्लिफायरकडे जाते, तिथे मोठी होते आणि स्पीकर हलवते. म्हणून बेस आणि अँप्लिफायर ही जोडी. एकीवाचून दुसऱ्याचा उपयोग नाही.

खालचा सूर ऐकू येण्यासाठी स्पीकरला जास्त हवा ढकलावी लागते, म्हणून बेसला मोठा स्पीकर आणि जास्त ताकद लागते. साध्या गिटारच्या लहान अँप्लिफायरला बेस जोडून आवाज मोठा केला तर स्पीकर फाटू शकतो. घरी सरावाला १५ ते २५ वॅटचा बेसचा अँप्लिफायर पुरतो. ड्रमच्या बरोबरीने मंचावर वाजवायचं तर शेकड्यांत वॅट लागतात, आणि तो अँप्लिफायर महागही असतो आणि जडही.

इथे ऑर्केस्ट्रावाल्या काकांनी आमचे पैसे वाचवले. ते म्हणाले, "मोठा अँप्लिफायर आत्ता घ्यायचाच नाही. कार्यक्रमाला साउंडवाला असतोच. त्याच्याकडे डीआय बॉक्स मागायचा. एका टोकाला बेस जोडायची, दुसऱ्या टोकाची वायर त्याच्या मिक्सरला." हा मिक्सर चटणीचा नव्हे बरं का, सगळे माईक जिथे जोडतात तो. डीआय बॉक्स ही हातात मावणारी डबी असते. तिच्यामुळे लांब वायरीतूनही आवाज घरघर न करता पोचतो.

पेडल म्हणजे काय

शिलाई मशीन चालवणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. दोन्ही हात कापडावर असतात, म्हणून मशीन पायाने चालवायचं. वाजवणारीचेही दोन्ही हात तारांवर असतात, म्हणून आवाज बदलायचं बटण पायाखाली. बेस आणि अँप्लिफायर यांच्या मधल्या वायरीत ही डबी बसते. पायाने दाबली की सुरू, पुन्हा दाबली की बंद.

एक पेडल सूर जुळवायचं. ते दाबलं की आवाज बंद होतो आणि दिव्यावर दिसतं की तार चढली आहे की उतरली. दुसरं कॉम्प्रेसर. कधी बोट जोरात पडतं, कधी हळू. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि सगळा आवाज एका पातळीत ठेवतो. तिसरं ओव्हरड्राइव्ह किंवा फझ. ते आवाज जाडाभरडा, फाटल्यासारखा करतं. चौथं ऑक्टेव्ह, ते वाजवलेल्या सुराच्या खालचा सूर त्यात मिसळतं. पाचवं कोरस, त्यामुळे एका वाद्याची दोन वाद्यं वाजल्यासारखी वाटतात.

फझची गोष्ट मजेशीर आहे. १९६०च्या अखेरीस अमेरिकेत नॅशव्हिल इथे मार्टी रॉबिन्स या गायकाचं गाणं मुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होते. मुद्रणाच्या यंत्रात बिघाड झाला आणि बेसचा आवाज फाटून आला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला. लोकांना तो आवाज इतका आवडला की ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तसा आवाज काढणारी डबी तयार केली. १९६२मध्ये ती 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने विक्रीला आली. म्हणजे फझच्या पेडलचं मूळ एका बिघाडात आहे, आणि तेही बेसच्या आवाजात.

पण बेसवाल्यांनी एक गोष्ट सांभाळायची असते. आवाज फाडणाऱ्या पेडलमध्ये खालचा सूर हरवतो. ऐकणाऱ्याला नुसती खरखर ऐकू येते आणि गाण्याचा पाया जातो. म्हणून बेससाठीच्या पुष्कळ पेडलांवर एक जादा बटण असतं. त्याने मूळ साधा आवाज आणि बदललेला आवाज हवे तेवढे मिसळता येतात. पेडल विकत घेताना ते बटण आहे का, हे पाहायचं.

दुसरी काळजी विजेची. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. पिन बसते म्हणून घरातला कुठलाही अडॅप्टर लावायचा नाही. व्होल्ट जुळले पाहिजेत, आणि पिनेच्या आत कुठला भाग अधिक आणि कुठला उणे, हेही जुळलं पाहिजे. डबीवर त्याची खूण छापलेली असते. ती न पाहता लावलं तर डबी जळू शकते.

हे सगळं ऐकल्यावर आम्ही मुलीला विचारलं, "यातलं तू आत्ता काय काय वापरतेस?" ती थोडी लाजली. म्हणाली, "सूर जुळवायचं वापरते. बाकीची मोठे लोक वापरतात, म्हणून लिहिली."

एका कामकरी बाईची गोष्ट

मोठे लोक काय वापरतात, याचं एक उदाहरण सांगतो. कॅरल के या अमेरिकेतल्या बेसवादक. जन्म १९३५चा. आईवडील दोघंही वाद्यं वाजवणारे, पण घरात गरिबी. कॅरल किशोरवयातच गिटार शिकल्या आणि शिकवून घरखर्चाला हातभार लावू लागल्या. पुढे मुलं आणि आई यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. रात्री क्लबात वाजवण्यापेक्षा स्टुडिओतलं काम बरं, तिथे पैसे ठरलेले, असा विचार करून त्या ध्वनिमुद्रणाकडे वळल्या.

१९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आलाच नाही. कॅरल तिथे गिटार वाजवायला आल्या होत्या. त्यांनी बेस हातात घेतली आणि पुढे तेच त्यांचं मुख्य वाद्य झालं. गिटारवाल्यांना कामावर तीन-चार गिटारी न्याव्या लागत, बेसवाल्याला एक पुरे, हाही त्यात फायदा होता. त्यांनी सुमारे १० हजार ध्वनिमुद्रणांत वाजवलं असं मानतात. त्या खोल्यांमध्ये बहुतेक वेळा त्या एकट्याच बाई असत.

आणि त्यांचं सामान काय? एक प्रिसिजन बेस, गुळगुळीत तारा, वाजवायला नखी, एक अँप्लिफायर. तारांचा आवाज नको तितका लांबू नये म्हणून घोडीजवळ जाड लोकरी कापडाची पट्टी लावलेली. त्यांच्या आवाजाची खूण त्या कापडाच्या पट्टीत आणि हातात होती.

पण आम्हाला त्यांची गोष्ट सांगायची आहे ती दुसऱ्या कारणासाठी. १९६७मध्ये 'द बीट गोज ऑन' हे सनी आणि शेर या जोडीचं गाणं गाजलं. गाण्यात चढउतार फार कमी होते. कॅरल यांनी बेसवर एक चाल बसवली आणि तीच त्या गाण्याची ओळख झाली. गीतकार-संगीतकार म्हणून नाव सनी बोनो यांचं. कॅरल यांना संगीतकारांच्या संघटनेने ठरवलेल्या दराने कामाचे पैसे मिळाले. त्या काळच्या तबकड्यांवर अशा वाजवणाऱ्यांची नावं बहुधा छापतच नसत.

कॅरल रडत बसल्या नाहीत. १९६९ साली त्यांनी स्वतःचं प्रकाशन सुरू केलं आणि बेस कशी वाजवावी यावर पुस्तक काढलं. पुढे अनेक वर्षं शिकवलं. २०२५मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित संगीत संग्रहालयाने, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने, त्यांचा सन्मान जाहीर केला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. स्टुडिओतलं काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा त्यांचं वय ९० वर्षांचं होतं.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे यांना वडिलांनी लहानपणीच बेस हातात दिली. वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक. मोहिनी यांनी ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवलं, आणि २०२३मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. म्हणजे हे मुलींचं काम नाही, असं म्हणायला जागा राहत नाही.

गटाने काय ठरवलं

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. तासभर चर्चा झाली. शेवटी गटाने २० हजार रुपये मंजूर केले, आणि ५ हजार ताईंनी घरातून घालायचे ठरले. त्यात बेस, सरावाचा अँप्लिफायर आणि बारीकसारीक वस्तू. पेडलांना कर्ज नाही. ती मुलीने कमाईतून, गरज पडेल तशी एकेक घ्यावीत. दरमहा १ हजार मुद्दल अधिक व्याज, २० हप्ते. मावशी म्हणाल्या, "आधी चूल मांडा, मग फोडणीचं बघू."

बेस आली. पाच मुलींचा बँड हळदीला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, नवरात्रात वाजवू लागला. पहिले दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा अर्धाच आला.

ताईंना विचारलं तर कळलं की वाटणीत मुलीला इतरांच्या निम्मे पैसे मिळत होते. बँडचं काम पाहणाऱ्याने सांगितलं होतं, "गाणारीला लोक बघायला येतात. बेस तर कुणाला ऐकूसुद्धा येत नाही." मुलगी गप्प बसली होती. तिलाही वाटलं, खरंच असेल.

आम्ही तिला कॅरल के यांची गोष्ट पुन्हा सांगितली. मग एका सरावाला गटातल्या चौघी जणी आणि आम्ही जाऊन बसलो. भांडायला नाही, ऐकायला. मुलीने बाकीच्यांना एवढंच सांगितलं की एक गाणं दोनदा वाजवूया, एकदा बेससकट, एकदा बेसविना. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मावशी पायाने ताल धरत होत्या. दुसऱ्यांदा पाय थांबला. मावशींना सूरतालाचं काही कळत नाही असं त्या स्वतःच म्हणतात, पण त्या पटकन म्हणाल्या, "आता पाणी जास्त झालं गं आमटीत." ड्रम वाजवणारी मुलगी म्हणाली, "मलाच धरायला काही राहिलं नाही." गाणारी काहीच बोलली नाही, पण तिने मान हलवली.

त्या दिवशी वाटणी एका कागदावर लिहिली गेली. येण्याजाण्याचा आणि साउंडवाल्याचा खर्च वजा करून उरेल त्याचे पाच सारखे भाग, पाच सह्या. काम पाहणाऱ्याचा मोबदला वेगळा आणि ठरलेला. त्याला ते फारसं आवडलं नाही. दोन कार्यक्रम त्याने दिलेच नाहीत. तो महिना हप्त्याला ताईंच्या शेळीचे पैसे लागले, हेही सांगायला हवं. पण मुली एकत्र राहिल्या, आणि आता कार्यक्रम त्या स्वतःच ठरवतात. कर्जाचे आठ हप्ते बाकी आहेत. पेडल तिने आजवर एकच घेतलं, कॉम्प्रेसर, आणि ते जुनं.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर

मैत्रिणींनो, उद्या तुमच्या गटात कोणी बँजो, ऑक्टोपॅड, ढोलकी किंवा गिटारसाठी कर्ज मागेल. तेव्हा हे प्रश्न विचारा. वाजवणारी किती दिवस वाजवते आहे, आणि उसन्या वाद्यावर तिने सराव केला आहे का? यादीतल्या कुठल्या वस्तूवाचून वाद्य वाजणारच नाही, आणि कुठल्या नंतर घेता येतील? भाड्याने किंवा साउंडवाल्याकडून काय मिळू शकतं? वर्षातल्या कुठल्या महिन्यांत कार्यक्रम असतात? पावसाळ्यात कमाई नसेल तर हप्ता कुठून येणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बँडमधली वाटणी लिहिलेली आहे का?

हा शेवटचा प्रश्न आम्ही पहिल्याच बैठकीत विचारायला हवा होता. तो आमच्या लक्षात आला नाही, आणि त्याची किंमत त्या मुलीने सहा कार्यक्रम मोजली.

आता गटाच्या वहीकडे बघा. हिशेब लिहिणारी, घरोघर जाऊन बचत गोळा करणारी, बँकेत रांगेला उभी राहणारी बाई कुठल्या फोटोत पुढे नसते. एक महिना ती आली नाही की मग कळतं. तिचं नाव आणि तिच्या कामाचं मोल वहीत लिहिलेलं आहे का, हे येत्या बैठकीत जरूर पाहा.